टोमॅटोचं बूड काळं पडतंय? अंड्याची टरफलं राहू द्या, आधी मातीत बोट घाला

मार्च लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. हिरवा टोमॅटो हातात उलटा धरलेला, बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, आणि खाली एकच प्रश्न, "यावर काय मारू?" पुण्यात गच्चीवर मी नऊ वर्षं टोमॅटो लावतेय, पहिली दोन वर्षं माझ्याकडेही निम्मी फळं अशीच जायची, आणि त्यानंतर सोसायटीतल्या, माहेरच्या, नणंदेकडच्या अशा पंचवीस-तीस जणांच्या कुंड्यांत मी स्वतः हात घालून बघितलंय. बहुतेक ठिकाणी काहीही विकत न आणता काम झालं. तेव्हा दुकानात जायच्या आधी हे सगळं क्रमाने करून बघा, स्वस्तातलं आधी आणि खर्चाचं शेवटी असा क्रम मुद्दाम लावलाय.

लक्षणं आधी नीट जुळवा

डाग फळाच्या बुडाशी असतो, म्हणजे जिथे फूल गळून पडलं त्या टोकाला, देठाकडे नाही. सुरुवातीला तिथे पाण्यात भिजल्यासारखा पारदर्शक पट्टा दिसतो, तो दोन-चार दिवसांत तपकिरी होतो आणि मग काळा, चपटा, आत बसलेला. हात लावला तर चपलेच्या चामड्यासारखा कोरडा लागतो, पिचपिचीत नसतो. फळ लिंबाएवढं झालं की साधारण दिसायला लागतं आणि पहिल्या घोसाला सगळ्यात जास्त. असं फळ बाकीच्यांच्या आधी लाल पण होतं, त्यामुळे लोकांना आधी आनंद होतो आणि तोडून उलटं केल्यावर कळतं. कधीकधी वरून फळ चांगलं दिसतं आणि चिरल्यावर आत बुडाकडचा गर काळा निघतो, तोही हाच प्रकार.

झाड मात्र हिरवंगार, तजेलदार असतं. ही फार महत्त्वाची खूण आहे. पानांवर डाग नाहीत, शेंडा सुकलेला नाही, फक्त फळाचं बूड काळं, तर तुम्ही बरोबर जागी आलात. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. नावात रॉट असलं तरी ही बुरशी नाही, किडीचं काम नाही, एका फळावरून दुसऱ्या फळावर पसरत नाही. त्यामुळे बुरशीनाशक मारून काहीही होत नाही, आणि मला याची चीड येते की एका शेजारच्या काकूंना दुकानातून लागोपाठ तीन वेळा बुरशीनाशकाची पुडी दिली गेली, त्यांनी बिचाऱ्यांनी रोज घरात खायच्या भाजीवर ती मारली, आणि डाग होते तसेच राहिले.

आता दिसायला सारखं पण वेगळं असलेलं. फळाला गोल भोक असेल आणि कडेला हिरवट-काळी विष्ठा असेल तर ती फळ पोखरणारी अळी. टाचणीएवढी बारीक भोकं आणि पानांवर पांढरट फुगीर पापुद्रे असतील तर टुटा, ही कीड भारतात पहिल्यांदा 2014 मध्ये आपल्या पुण्याकडेच सापडली होती, तिचा इलाज पूर्ण वेगळा. ज्या बाजूला ऊन लागतं तिथे पांढरा-पिवळट कागदासारखा चट्टा असेल तर ते उन्हाने भाजणं. आणि पावसाळ्यात मातीला टेकलेल्या फळावर तपकिरी वर्तुळात वर्तुळ असतील तर ती फळसड, ती बुरशीजन्य आहे आणि पसरते. यातलं काही असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

असं होतंच का

कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही म्हणून. इथे सगळे अर्धंच ऐकतात आणि "कॅल्शियम कमी आहे" म्हणून अंड्याची टरफलं, दूध, खडू, विड्याचा चुना असं मिळेल ते कुंडीत टाकायला लागतात. पण कॅल्शियम कमी असणं वेगळं आणि ते न पोचणं वेगळं. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. पानं दिवसभर पाणी हवेत सोडत असतात त्यामुळे पाण्याचा ओढा सगळा पानांकडे, फळातून पाणी फारसं उडत नाही त्यामुळे त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दुपारी माती सुकली की आधी फळाचं पाणी तुटतं, आणि फळातही जे टोक देठापासून सगळ्यात लांब, म्हणजे बूड, तिथे सगळ्यात आधी. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत निघून फळात येत नाही. फळ धरल्यापासून पहिले दोनेक आठवडे ते भराभर वाढत असतं आणि तेव्हा दोन दिवस जरी हा पुरवठा तुटला तरी बुडाच्या पेशी मरतात, डाग आपल्याला नंतर दिसतो. म्हणजे आज दिसणारा डाग हा मागच्या आठवड्यातल्या तहानेचा असतो. तुम्ही होळीला चार दिवस गावाला गेला होतात का, हे मी फोनवर पहिल्यांदा विचारते, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

तपासणी 1: बोट

खर्च शून्य. सकाळी पाणी घालायच्या आधी मधलं बोट पूर्ण मातीत घाला, कडेला नाही, खोड आणि कडा यांच्या मधोमध. टोकाला गार-ओलसर लागलं आणि बाहेर काढल्यावर थोडी माती चिकटली तर ठीक. कोरडं, गरम, बोट स्वच्छ बाहेर आलं तर झाड तहानलेलं आहे, मग तुम्ही रोज पाणी घालत असा नाहीतर नसा. हेच दुपारी तीन वाजता परत करा. पुण्याच्या एप्रिलमधल्या उन्हात गच्चीवरच्या कुंडीची माती सकाळी ओली आणि तीनला खडखडीत असं रोज होतं, आणि रोज तीन-चार तास तहान म्हणजे फळाचं नुकसान रोज.

माझा हिशोब असा आहे की फळं धरलेल्या मोठ्या झाडाला थंडीत लिटर-दीड लिटर पुरतं, कडक उन्हाळ्यात दोन ते तीन लिटर लागतं आणि ते दोन वेळात द्यायचं, सकाळी जास्त आणि संध्याकाळी राहिलेलं. एक दिवस बादलीभर आणि मग दोन दिवस काही नाही, हे सगळ्यात वाईट. पावसाळ्यात पण हेच होतं, आठ दिवस झड लागते, आपण पाणी द्यायचं विसरतो, मग उघडीप पडते आणि ऊन निघतं, चार दिवसांत माती सुकते, वरून परत जोराची सर. त्यात बूडही काळं पडतं आणि फळं तडकतात पण.

याच्याबरोबरच आच्छादन करा, तेही फुकट. वाळलेला पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, काहीही दोन-तीन इंच जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. मी एकदा शेजारी-शेजारी दोन कुंड्या ठेवल्या, एकीत पाचट, एकीत उघडी माती, दुपारी बोट घातल्यावर जो फरक लागला तो कोणाला सांगून पटत नाही, स्वतः करून बघा. गावाला जाणार असाल तर भाजलेल्या मातीचं साधं छोटं मडकं कुंडीत गळ्यापर्यंत पुरा आणि भरून झाकण ठेवा, पाणी मातीत झिरपत राहतं. मडकं घासूनपुसून चकचकीत केलेलं किंवा रंगवलेलं नको, ते झिरपत नाही.

तपासणी 2: पाणी आत जातंय का

ही मला खूप उशिरा कळली आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या निम्म्या कुंड्यांत हीच भानगड असते. तळमजल्यावरच्या वहिनी शपथेवर सांगत होत्या की त्या दोन वेळा पाणी घालतात, खालून बाहेर येईपर्यंत. मी बघितलं, झारी ओतली आणि दहा सेकंदात खालून पाणी आलं. इतक्या लवकर यायला नको. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढला तर कडेला बोटभर ओलं आणि मधे हात घातला तर टोस्टसारखं कोरडं, तांबूस भुसा नुसता उडत होता, आणि मुळं सगळी त्या कोरड्यात. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीची कड सोडतं, पाणी शोषायचं सोडून देतं, आणि आपण घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं.

तपासायची सोपी रीत म्हणजे पाणी घालायच्या आधी कुंडी जरा तिरकी उचलून वजन बघा आणि घातल्यावर परत उचला. जड झाली नाही तर पाणी आत गेलंच नाही. उपाय, टबात किंवा घमेल्यात पाणी घेऊन कुंडी अर्धा तास बसवून ठेवा, खालून शोषू द्या, वरचे बुडबुडे थांबले की काढा. वहिनींच्या चारही कुंड्यांचं एवढंच केलं, मग आच्छादन, बाकी काही नाही. पुढच्या घोसात एकही काळं बूड नव्हतं.

उलट बाजूही बघा. कुंडीखालच्या ताटलीत सतत पाणी साचलेलं असेल, मातीला कुबट वास येत असेल, तर मुळं गुदमरलीत. कॅल्शियम मुळांच्या कोवळ्या टोकातून आत जातं आणि पाण्यात बुडालेली टोकं कुजतात. म्हणजे भरपूर पाणी असूनही झाडाला ते घेता येत नाही. ताटली काढा, भोकं मोकळी करा.

तपासणी 3: खत थांबवा

यालाही पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. झाड गडद हिरवं, खोड अंगठ्याएवढं, पानं मोठाली आणि आत वळलेली, फळं मोजकी आणि तीही काळी, असं असेल तर नत्र जास्त झालंय. इतकी पानं म्हणजे पाण्याचा ओढा अजूनच तिकडे. शिवाय युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट आणि न कुजलेलं कोंबडीखत यातलं अमोनिया स्वरूपातलं नत्र मुळाशी कॅल्शियमला मागे सारतं. पोटॅश आणि मॅग्नेशियमही जास्त झालं की तेच करतं, म्हणून दर आठवड्याला चुलीची राख आणि एप्सम सॉल्ट टाकणाऱ्यांनी आता हात आवरा. काळं बूड दिसलं की तीन आठवडे सगळी खतं बंद, फक्त मूठभर चांगलं कुजलेलं गांडूळखत चालेल, त्याला वास मातीचा यायला पाहिजे, शेणाचा नाही.

तपासणी 4: पाणी कुठलं

पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने खूप घरांत आरओचं बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालतात. लादी पुसायला, संडासात टाकायला ते उत्तम, पण टोमॅटोच्या कुंडीला नको, कारण गाळून काढलेले क्षार सगळे त्यात असतात. कुंडीत रोज ते साठत जातात आणि क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडीच्या बाहेरून, मातीच्या वर पांढरी खरखरीत साय दिसली की समजून जा. सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलेलं असेल तर तेही पाणी नको, ते कॅल्शियम काढून घेऊन बदल्यात सोडियम देतं, म्हणजे नेमकं उलट.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, नाहीतर आरओवाल्या मेकॅनिककडे असतोच. मी पाळते तो नियम, 500 च्या आत निर्धास्त, हजाराच्या वर गेलं तर कुंडीला द्यायचं नाही. साठलेले क्षार धुवायला एखाद्या सकाळी साध्या गोड्या पाण्याने कुंडी भरपूर निथळू द्या, कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता आणि ताटली काढून ठेवा. पावसाचं पाणी मिळालं तर सोनंच.

तपासणी 5: कुंडी आणि मुळं

इथून थोडा खर्च आणि मेहनत सुरू. आठ-दहा इंची कुंडीत मोठ्या फळाचा टोमॅटो उन्हाळ्यात तगवणं फार अवघड, पाण्याचा साठाच नाही तर तुम्ही कितीही वेळा घाला. निदान 15 बाय 15 इंचाची ग्रो बॅग किंवा वीस लिटरची बादली हवी, आणि एका कुंडीत एकच रोप. फळं लागलेलं झाड उपटून दुसरीकडे लावू नका, मुळं तुटली की पंधरा दिवस परत तेच. त्यापेक्षा लहान कुंडी सावलीच्या बाजूला हलवा, दुपारी बारा ते चार हिरवी जाळी बांधा, आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा म्हणजे काळ्या प्लास्टिकमधली मुळं भाजणार नाहीत. खोडाशी खुरपणी पण आता नको, वरच्या दोन इंचातली मुळं तुटतात.

जातीचाही भाग असतो. लांबट, रोमासारख्या फळांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो आणि चेरी टोमॅटोला जवळपास होतच नाही. ज्यांना दिवसातून एकदाच पाणी घालणं जमतं, त्यांना मी सरळ चेरी लावायला सांगते.

तपासणी 6: आता कॅल्शियम

हे शेवटी, कारण देशावरच्या काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. पुणे, नगर, सोलापूरकडे मातीत चुनखडीचे पांढरे खडे डोळ्यांना दिसतात. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर चुना आहेच, आणि मग वरून आणखी चुना टाकणं म्हणजे लोह आणि जस्त अडकवून पानं पिवळी करून घेणं. कोकणात मात्र गोष्ट वेगळी. माझी नणंद रत्नागिरीला असते, तिथली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली, तिला पाणी, आच्छादन सगळं करूनही बुडं काळीच पडत होती. तिच्याकडे खरंच कॅल्शियम कमी होतं, माती तपासून घेऊन लागवडीच्या महिनाभर आधी डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या दगडाची पूड) मिसळल्यावर फरक पडला. म्हणून पुण्यातल्याचा उपाय चिपळूणला आणि चिपळूणचा पुण्यात करू नका.

अंड्याची टरफलं विरघळायला महिनेच्या महिने घेतात, या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही, कंपोस्टमध्ये टाका. विड्याचा चुना कुंडीत अजिबात नको, फार तीव्र असतो, कोवळी मुळं जळतात. दूध ओतलं तर वास आणि माश्या. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं असेल तर मात्र कॅल्शियम खरोखर कमी असू शकतं, तेव्हा वीस लिटरच्या कुंडीला एक मोठा चमचा जिप्सम वरच्या मातीत मिसळा, किंवा कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा, असं तीन वेळा मुळाशी द्या. ते 19:19:19 या पाण्यात विरघळणाऱ्या मिश्र खताबरोबर एकाच झारीत कालवू नका, दुधासारखं गढूळ होतं आणि खाली गाळ बसतो, तो गाळ म्हणजेच तुमचं वाया गेलेलं कॅल्शियम. पानांवर फवारून फारसं होत नाही, वर सांगितलंच की पानातलं फळात येत नाही.

फरक कधी दिसेल

डाग पडलेलं फळ बरं होत नाही. लहान असेल तर तोडून टाका, झाडाची ताकद पुढच्या घोसाला जाईल. मोठं असेल आणि बुरशी धरलेली नसेल तर काळा भाग कापून बाकीचं खुशाल आमटीत घाला, अपाय नाही. तुम्ही सुधारणा केल्यानंतर धरलेली फळं बघायची, म्हणून ज्या दिवशी पाण्याची घडी बसवली त्या दिवशी उघडलेल्या फुलांच्या घोसाला एक रंगीत दोरा बांधा. तीन-चार आठवड्यांनी फक्त त्या घोसाकडे बघून ठरवा.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

माती ओली असताना झाड दुपारी माना टाकतंय आणि रात्रीत सावरत नाही, तर पाणी वाढवू नका. खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा, पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरताना दिसले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे, घरगुती इलाज नाही, झाड मातीसकट बाजूला काढा आणि त्या मातीत मिरची, वांगं, बटाटा काही लावू नका. उपटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. शेंड्याची पानं बारीक, चुरडलेली, पिवळी आणि वाढ खुंटलेली तर विषाणू. करपा पानांवरून खोडावर उतरत असेल तर तेही. या चारांपैकी काहीही असेल, किंवा वरचं सगळं मन लावून करूनही लागोपाठ दोन हंगाम बुडं काळी पडली, तर अंदाजाने काही मारू नका.

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. माती परीक्षणाला साधारण अर्धा किलो माती लागते, तीन-चार कुंड्यांतली मुळाच्या खोलीवरची घेऊन एकत्र करा, सावलीत वाळवा, स्वच्छ कापडी पिशवीत भरा, खताची जुनी गोणी वापरू नका, नाहीतर रिपोर्ट त्या खताचा येईल. सोबत पाण्याची लिटरची बाटली, एक काळं फळ, एक चांगलं फळ, दोन-चार पानं, आणि गेल्या दोन महिन्यांत काय काय खत किती घातलं ते कागदावर लिहून न्या. समोरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.